खराब सेक्टरांची यादी

हार्ड डिस्कची तबकडी सहसा पूर्ण निर्दोष निघत नाही. चुंबकीय थर कुठेतरी पातळ राहतो, कुठे ओरखडा पडतो, आणि तिथला सेक्टर भरवशाचा राहत नाही. अशी प्रत्येक तबकडी बाद केली तर डिस्क कोणालाच परवडणार नाही. म्हणून दोष मान्य करून त्यांची यादी ठेवण्याची रीत पडली. ती यादी कोणी सांभाळायची, हे मात्र बदलत गेले.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या मानक १४४ मध्ये ती डिस्कच्या शेवटच्या ट्रॅकवर लिहिलेली असे. सीगेटच्या ५ मेगाबाइटच्या एसटी-५०६ (१९८०) नंतर पीसीत बसलेल्या डिस्कवर ती चक्क कागदी लेबलावर येई: सिलिंडर क्रमांक, हेड क्रमांक. कारखान्यात सिग्नलची ताकद मोजली जाई, त्यामुळे साध्या फॉरमॅटच्या नजरेतून सुटणाऱ्या कमकुवत जागाही तिच्यात असत. लो-लेव्हल फॉरमॅट करताना हे आकडे हाताने टाइप करावे लागत. एक आकडा चुकला की चांगली जागा बाद होई आणि खराब जागा वापरात राही.

पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीने आपली वेगळी नोंद ठेवली. फाइलींच्या जागांची नोंद ठेवणाऱ्या फॅट कोष्टकात एफएफ७ (१६ बिटांच्या फॅटमध्ये एफएफएफ७) ही खूण असलेला क्लस्टर, म्हणजे सेक्टरांचा गट, वापरायचा नाही. एका सेक्टरपायी अख्खा क्लस्टर जाई.

१९८६ च्या सुमारास आयडीई (पुढे एटीए) ही जोडणी आली, कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि यादीही आत गेली. कारखान्यातल्या दोषांची एक, वापरात उद्भवलेल्यांची दुसरी. पहिल्या यादीतले सेक्टर क्रमांक देतानाच वगळले जातात. दुसरीतल्यांच्या जागी राखीव सेक्टर नेमले जातात. संगणकाला मात्र सलग, निर्दोष डिस्क दिसते.

ही नेमणूक वाटते तितकी तत्पर नसते. सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, त्रुटीदुरुस्तीचे गणित लावते. तरीही जमले नाही तर ती त्रुटी कळवते आणि सेक्टर ‘प्रलंबित’ ठरवते. लगेच बदलला तर जुना मजकूर कायमचा हातचा जाईल. पुढच्या प्रयत्नात तो कदाचित मिळेलही. त्या सेक्टरवर नवे लेखन झाले की निकाल लागतो: लिहिलेले नीट टिकले तर सेक्टर निर्दोष सुटतो, नाहीतर राखीव जागा वापरली जाते. ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतीनोंदीच्या तक्त्यात बदललेल्या सेक्टरांचा क्रमांक ५, प्रलंबितांचा १९७.

एटीए डिस्क वापरणाऱ्याला तिथे फक्त संख्या दाखवते. स्कझी या दुसऱ्या जोडणीच्या डिस्ककडे मात्र दोन्ही याद्या जशाच्या तशा मागता येतात.