पाच टनांवर उभी राहिलेली बार्शी लाइट

1897 साली इंग्लंडातल्या लीड्सजवळ न्यूले इथं एक अजब प्रदर्शन भरलं. छोटेखानी रुळमार्ग टाकला होता, त्यावर अडीच फुटी गेजचे नवेकोरे डबे आणि इंजिन उभं होतं. रेल्वेतले जाणकार येत होते, गाडी चालताना पाहत होते, डब्यांच्या खाली वाकून चाकं तपासत होते. ही गाडी इंग्लंडात धावणार नव्हती. लवकरच ती जहाजात चढून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जाणार होती.

आपली कल्पना पटवायला उभा राहणारा उद्योजक आज स्लाइड दाखवतो. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं आख्खी आगगाडी दाखवली. ‘बार्शी लाइट’ची कुळकथा म्हणजे या माणसानं वर्षानुवर्षं लोकांना एक गोष्ट कशी पटवली, याचीच कथा आहे.

1857 साली जन्मलेला कॅलथ्रॉप क्रूच्या रेल्वे कारखान्यात तयार झाला आणि 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे आपल्या जुन्या जीआयपीच्या, नोकरीत भारतात आला. जीआयपीची मुंबई-सोलापूर लाइन बार्शीला बाजूला ठेवून गेली होती. गावाच्या नावाचं स्टेशन होतं खरं, पण ‘बार्शी रोड’ म्हणजे आजचं कुर्डुवाडी, बार्शीपासून वीस-एकवीस मैलांवर. तिकडे बार्शीची पेठ मोठी. मराठवाड्यातला, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताची धान्यं बालाघाट उतरून इथं येत. पुढचा प्रवास बैलगाडीनं. गिऱ्हाईक होतं, माल होता, मोठी लाइनही होती; मधला तुकडाच तेवढा नव्हता.

तो तुकडा ब्रॉडगेजनं जोडावा, तर खर्च आवाक्याबाहेर. हलकी ट्रामगाडी टाकावी, तर ती इतका माल ओढणार कशी? आणि गेज बदललं की कुर्डुवाडीला पोतं न् पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवणं आलं. स्वस्त म्हणजे दुबळं, हा तेव्हाच्या अरुंद गेजबद्दलचा सर्वसाधारण ग्रह होता.

कॅलथ्रॉपनं यातल्या खर्चाला आणि दुबळेपणाला एकाच आकड्यानं उत्तर दिलं: पाच टन. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो. बार्शीला यार्डाला तीस पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलोचा रूळ पुरला. रूळ हलका म्हणजे पूल हलके, पायाभरणीचा खर्च कमी. पण भार कमी म्हणजे माल कमी असं नव्हे, ही यातली खरी मेख. चार आसांच्या डब्याचं मालासकट वजन वीस टनांपर्यंत नेता येतं. मग डब्याचं स्वतःचं वजन जितकं घटेल, तितका माल जास्त भरता येतो. म्हणून लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी घेतल्या. सगळ्या डब्यांना पंचवीस फूट लांबीचा एकच साचा. किट्सन कंपनीच्या इंजिनांनाही तोच नियम: वजन सहा आसांवर विभागलेलं, त्यांतल्या चार आसांवर ओढणारी चाकं.

भांडवलदाराला धास्ती असते ती भांडवलाची. यंत्राची थोरवी गात बसण्याऐवजी कॅलथ्रॉपनं यंत्रच त्या धास्तीवरचा उतारा म्हणून मांडलं, आणि तिथंच त्यानं बाजी मारली. 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. कॅलथ्रॉप तिचा सल्लागार इंजिनिअर झाला आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरूही झाली. न्यूलेचं प्रदर्शन याच दरम्यानचं. त्यात पुढच्या गिऱ्हाइकांवरही डोळा होता, हे उघड आहे. (बैलगाडीवाल्यांना कुणी विचारलं असेल, असं मात्र वाटत नाही.)

लाइन वाढतच गेली: 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. पंढरीच्या वारकऱ्यांनी तिला आपलं म्हटलं आणि तिच्या संथ चालीवर विनोदही भरपूर केले.

लोकांना पटवणारा हाच कॅलथ्रॉप पुढं एका ठिकाणी सपशेल हरला. त्याचा मित्र आणि ‘रोल्स-रॉइस’मधला रोल्स, म्हणजे चार्ल्स रोल्स, 1910 मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. ‘गार्डियन एंजल’ नावाचं त्याचं पॅराशूट 1917 मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून प्रत्यक्ष उडी मारून दाखवण्यात आलं. धाटणी न्यूलेचीच: बोलू नका, दाखवा. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ते वापरलंही गेलं, पण ब्रिटिश वैमानिकांना युद्धभर पॅराशूट सरसकट मिळालंच नाही. बार्शीत समोरच्याचा पैसा वाचत होता. इथं वाचणारा जीव निर्णय घेणाऱ्यांचा नव्हता. नुसतं दाखवून भागत नाही ते असं.

बार्शीचा नमुना मात्र उलट्या दिशेनंही गेला. इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेचा इंजिनिअर कॅलथ्रॉपच होता. 1904 मध्ये सुरू झालेल्या त्या लाइनवर अडीच फुटी गेज आणि किट्सनची इंजिनं आली. एका इंजिनाला नावही त्याचंच. शिवाय इथं त्यानं मोठ्या गेजचा डबा जसाच्या तसा पाठीवर घेणाऱ्या खास गाड्या वापरल्या, म्हणजे कुर्डुवाडीच्या हमालीवरचं उत्तरही शोधलं. ती लाइन 1934 मध्ये बंद पडली. बार्शी लाइट 1954 मध्ये सरकारनं विकत घेतली, आणि तिचे अडीच फुटी रूळ एकविसाव्या शतकात ब्रॉडगेज येईपर्यंत वापरात राहिले.