दोन अध्यापक आणि परतीची वाट

श्रोतेहो, शिकून-सवरून बाहेरदेशी जायचं आणि तिथं शिकवायचं, हे स्वप्न आता चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावातही पाहिलं जातं. जाणाऱ्याला पगार किती, राहायची सोय काय, हे सगळे विचारतात. तिथं गेल्यावर माणूस कशानं खचतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज मी आपल्याला दोन मराठी विद्वानांची हकिगत सांगणार आहे. दोघंही शंभर वर्षांपूर्वीचे. दोघांच्याही वाट्याला परदेशात निराशा आली, पण दोन निरनिराळ्या तऱ्हेची.

पहिले धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले. ज्ञानाच्या ओढीनं घर सोडून थेट सिंहलद्वीप गाठलं आणि पाली भाषेचे मोठे जाणकार झाले. १९१० साली त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं. 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथाचं संपादन हेन्री वॉरन यांनी हाती घेतलं होतं. १८९९ साली ते वारले आणि काम अर्धवट राहिलं. ते कोसंबींनी पुरं करायचं होतं. काम त्यांनी मन लावून केलं. पण ग्रंथावर त्यांच्या नावाचा उल्लेख कसा करायचा, यावरून तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी वाद झाला. लॅनमन त्यांना दुय्यम स्थान देऊ पाहत होते. कोसंबींना ते मानवलं नाही. १९१२ साली ते सरळ मायदेशी परतले.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. ते परतले, तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांना पाली शिकवण्याचं काम मिळालं. पाठीशी ही जागा होती म्हणून पुढे १९१८ साली पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा ते ताठ मानेनं जाऊ शकले. त्यानंतरही ते हार्वर्डला गेले. १९२९ साली रशियात, लेनिनग्राडलाही जाऊन आले. १९४० साली तो ग्रंथ त्यांनी नागरी लिपीत मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केला. हार्वर्डची प्रत निघाली ती १९५० साली, संपादक म्हणून वॉरन आणि सुधारणा करणारे म्हणून कोसंबी. पण ती पाहायला ते उरले नव्हते. १९४७च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला होता.

दुसरे डॉ. पांडुरंग खानखोजे. आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या वर्ध्याचे. ऐन तारुण्यात क्रांतिकार्याच्या ध्यासानं देश सोडला. अमेरिकेत शेतीचं उच्च शिक्षण घेतलं, गदर चळवळीत काम केलं, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत जाऊन इंग्रजांविरुद्ध लढ्याची खटपट केली. साहजिकच इंग्रज सरकारनं त्यांना मायदेशाचा दरवाजा बंद केला.

१९२४ साली ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले. भाषा स्पॅनिश, मुलूख परका. तिथं क्रांतीनंतर शेतकऱ्यांना जमिनीचं वाटप चाललं होतं; पण हाती जमीन आली म्हणजे शेतीचं शास्त्र येतंच असं नाही. खानखोज्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या आणि मक्याच्या नव्या जातींवर संशोधन केलं. टीना मोदोती या नामांकित छायाचित्रकार बाईंनी त्या कामाची छायाचित्रं काढली. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगवलं.

म्हणजे मान होता, काम होतं. कोसंबींना जे मिळालं नाही, ते सारं होतं. नव्हती ती परतीची वाट. जे ज्ञान आपल्या शेतकऱ्यासाठी मिळवलं, ते दुसऱ्याच्या रानात पेरावं लागलं. स्वातंत्र्यानंतर यायचं म्हटलं, तर इंग्रजांच्या वेळच्या काळ्या यादीतलं नाव पुन्हा आडवं आलं. ती अडचण पुढे दूर झाली आणि ते नागपूरला येऊन राहिले खरे. पण तोवर साठी उलटून गेली होती. १९६७ साली ते नागपुरातच वारले. अकोल्याचं कृषी विद्यापीठ निघालं १९६९ साली, म्हणजे त्यांच्या मागं दोनच वर्षांनी. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.

श्रोतेहो, परदेशात शिकवणाऱ्याला श्रेय नाकारलं जाणं, परकेपण सोसावं लागणं, हे नवं नाही. कोसंबींना ते झेपलं, कारण इकडे त्यांच्यासाठी वर्ग होता, विद्यार्थी होते. खानखोज्यांना सन्मान मिळूनही इकडचं रान पारखंच राहिलं. तिकडच्या मक्यावर झालेलं काम इकडच्या कोरडवाहू शेतीवर होऊ शकलं असतं. नुकसान एकट्या खानखोज्यांचं झालं नाही, आपलंही झालं.

आपल्या तालुक्यात संत्र्याचे बगीचे आहेत, कपाशी आहे, तूर आहे. इथली मुलं उद्या तिकडे शिकवतील आणि काही वर्षांनी परत यावंसं वाटलं, तर इथल्या शाळा-कॉलेजांत त्यांच्यासाठी जागा असेल का? त्यांना तिकडे पाठवताना आपण पगाराचा आकडा जरूर विचारावा. पण हा दुसरा प्रश्न आपल्या संस्थाचालकांना विचारायचा आहे, आणि तो आजच विचारायला हवा.