स्लाइडशो व्हिडिओ

स्लाइडशो व्हिडिओ : स्थिर छायाचित्रे ठरावीक क्रमाने व ठरावीक वेळ पडद्यावर राहतील अशी मांडून, त्यांना शीर्षके, संगीत किंवा निवेदन यांची जोड देऊन तयार केलेली व्हिडिओ-फाइल. सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमधला स्लाइडशो दाखवायला ते सॉफ्टवेअर असलेला संगणक लागतो. स्लाइडशो व्हिडिओ एकदा तयार झाला की टीव्ही, मोबाइल, प्रोजेक्टर यांपैकी कशावरही चालतो. महाराष्ट्रात लग्न, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, शाळेचे स्नेहसंमेलन, निवृत्तीचा निरोप समारंभ, श्रद्धांजली सभा अशा प्रसंगी तो दाखवला जातो. मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध झाल्यापासून त्यासाठी स्टुडिओवर अवलंबून राहावे लागत नाही. फोटो जोडण्याचे काम संगणक काही मिनिटांत करतो. व्हिडिओचा कस मात्र फोटोंची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांतल्या माणसांच्या नावांची नोंद यांवर ठरतो, आणि ही तिन्ही कामे करणाऱ्यालाच करावी लागतात.

पूर्वपीठिका

काचेवरील चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडणारा जादूचा कंदील डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्स यांच्या १६५९ मधील टिपणांत आढळतो. महाराष्ट्रात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ केले. काचेवर रंगवलेली पौराणिक चित्रे एकामागून एक पडद्यावर येत आणि त्यांच्या जोडीला कथन असे. ल्युमिएर बंधूंची चलचित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. चित्र, क्रम आणि आवाज ही स्लाइडशोची तिन्ही अंगे या खेळांत पूर्णपणे होती.

विसाव्या शतकात ३५ मिमी. रंगीत पारदर्शिका (स्लाइड) रूढ झाल्या. कोडॅक कंपनीने १९६१ मध्ये ८० पारदर्शिका बसणाऱ्या गोल तबकाचा कॅरूसेल प्रोजेक्टर बाजारात आणला. त्याचे उत्पादन २००४ मध्ये थांबले. दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर रोखून एकाचा दिवा मंद करत दुसऱ्याचा वाढवला की एक चित्र दुसऱ्यात विरघळत असे. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘डिझॉल्व्ह’ हा परिणाम तोच होय.

स्थिर फोटोंतून कथा सांगण्याची रीत चित्रपटांतही घडत गेली. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डने काढलेल्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ (१९५७) या माहितीपटात कॉलिन लो व वुल्फ कोनिग यांनी डॉसन शहराच्या जुन्या फोटोंवरून कॅमेरा संथपणे फिरवला. क्रिस मार्कर यांचा २८ मिनिटांचा ‘ला जते’ (१९६२) एका क्षणाचा अपवाद सोडता सर्वस्वी स्थिर फोटोंचा आहे. अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांनी ‘द सिव्हिल वॉर’ (१९९०) या मालिकेत संथ सरक आणि हळू जवळ जाणे यांचा इतका प्रभावी वापर केला की ॲपलने २००३ मध्ये आयमूव्ही या आपल्या व्हिडिओ-सॉफ्टवेअरमध्ये ही सोय दिली तेव्हा तिला ‘केन बर्न्स इफेक्ट’ असेच नाव दिले.

सॉफ्टवेअर

घरगुती संगणकावर हे काम सोपे करणारे विंडोज मूव्ही मेकर २००० मध्ये आले. मायक्रोसॉफ्टचे फोटो स्टोरी ३ आणि गूगलचे पिकासा ही मोफत साधनेही पुढे लोकप्रिय झाली. पिकासा २०१६ मध्ये आणि मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद झाले. मोफत मिळालेले साधन कायम राहीलच असे नाही, म्हणून तयार व्हिडिओ आणि मूळ फोटो कोणत्याही एका सॉफ्टवेअरवर विसंबून ठेवू नयेत.

आज उपलब्ध असलेली साधने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर येते. त्याचा स्रोत-संकेत खुला असतो, ते वापरण्यास व वाटण्यास परवानगी असते आणि तयार व्हिडिओवर कंपनीचा शिक्का उमटत नाही. ओपनशॉट (जोनाथन थॉमस यांनी २००८ मध्ये सुरू केलेले), शॉटकट (डॅन डेनेडी) आणि केडेनलाइव्ह (२००२ मध्ये सुरू झालेला, आता केडीई समूहाचा प्रकल्प) ही त्यांतली तीन प्रमुख सॉफ्टवेअर विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतात. शॉटकट व केडेनलाइव्ह यांचा गाभा एमएलटी या एकाच सॉफ्टवेअर-चौकटीचा आहे. तिन्ही सॉफ्टवेअर व्हिडिओ वाचण्या-लिहिण्यासाठी फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग या प्रकल्पाचा आधार घेतात.

दुसऱ्या प्रकारातील सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण मालकी कंपनीकडे राहते. ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतलेले व विंडोज ११ सोबत येणारे क्लिपचॅम्प आणि ॲपलच्या यंत्रांवरील आयमूव्ही ही त्याची उदाहरणे. रिझॉल्व्ह रंगसंस्करणात फार समर्थ आहे, परंतु त्याला दमदार संगणक लागतो. साध्या लॅपटॉपवर फोटोंचा व्हिडिओ करायचा असल्यास शॉटकट किंवा ओपनशॉट पुरेसे ठरते.

फोटोंची तयारी

बहुतेक व्हिडिओ १६:९ प्रमाणात, १९२० × १०८० पिक्सेलच्या चौकटीत केले जातात. फोटो या प्रमाणात नसतात. डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोटो ३:२, तर बहुतेक मोबाइलचा ४:३ असतो. २४ मेगापिक्सेलचा ६००० × ४००० चा आडवा फोटो चौकटभर पसरला तर उंचीतील ६२५ पिक्सेल, म्हणजे सुमारे १६ टक्के भाग कापला जातो. समूह-फोटोत नेमकी मागच्या रांगेची डोकी किंवा खाली बसलेली मुले त्यात जातात. तोच फोटो उभा असेल आणि पूर्ण दाखवायचा असेल तर तो ७२० पिक्सेल रुंदीत मावतो व दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६०० पिक्सेल रिकामे उरतात. ही जागा काळी ठेवता येते किंवा त्याच फोटोची धूसर प्रत मागे घालून भरता येते. कोणता फोटो कापायचा आणि कोणता पूर्ण ठेवायचा हे एकेका फोटोपुरते ठरवावे. सर्वांना एकच नियम लावल्यास चेहरे कापले जातात.

अल्बममधील जुने फोटो मोबाइलने टिपण्यापेक्षा स्कॅन करणे चांगले. ४ × ६ इंचांची प्रत ३०० डीपीआयने (प्रति इंच ३०० बिंदू) स्कॅन केल्यास १२०० × १८०० पिक्सेल मिळतात, जे एचडी चौकटीलाही अपुरे पडतात. ६०० डीपीआयने २४०० × ३६०० मिळतात आणि हळूहळू जवळ जाण्याइतका वाव राहतो. फोटो काढल्याची तारीख व वेळ ‘एक्झिफ’ या नोंदीत साठवलेली असते आणि तिच्या आधारे क्रम लावता येतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोंतून ही नोंद निघून जाते व आकारही घटतो, म्हणून नातेवाइकांकडून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. फाइलींना ००१, ००२, ००३ अशी नावे दिली की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये क्रम बिघडत नाही. मूळ फोटोंना हात न लावता त्यांच्या प्रतींवर काम करावे.

जुळणी

कृतीचा क्रम सर्व सॉफ्टवेअरमध्ये जवळपास सारखा आहे. आधी प्रकल्पाचे चौकट-माप व फ्रेम-दर (सेकंदाला किती चित्रे) ठरवतात, मग फोटो आत घेतात, टाइमलाइनवर (वेळेच्या पट्टीवर) मांडतात, दोन फोटोंमधले संक्रमण ठरवतात, आवाज जोडतात आणि शेवटी एक्सपोर्ट करतात, म्हणजे तयार व्हिडिओ-फाइल काढतात. शॉटकटमध्ये फोटो प्लेलिस्टमध्ये टाकून ते निवडले आणि स्लाइडशोचा पर्याय दिला की प्रत्येक फोटोचा वेळ, चौकटीत बसवण्याची रीत, जवळ-दूर जाण्याचे प्रमाण व संक्रमणाचा वेळ एकाच खिडकीत ठरवता येतो. ओपनशॉटमध्ये निवडलेले फोटो एकत्र टाइमलाइनवर पाठवताना असेच पर्याय मिळतात. केडेनलाइव्हमध्ये एका फोल्डरमधील फोटोंची एकच क्लिप करता येते. पन्नास-साठ फोटो एकेक करून ओढत बसण्याची गरज तिन्हींत नाही.

वेळेचे गणित आधी मांडावे. डिझॉल्व्हच्या काळात दोन फोटो एकमेकांवर येतात, म्हणून एकूण वेळ म्हणजे फोटोंची संख्या गुणिले प्रत्येकाचा वेळ, वजा संक्रमणांचा एकूण वेळ. मध्यलयीतील तीनतालाची रचना प्रति मिनिट १६० मात्रांच्या गतीने वाजत असेल तर १६ मात्रांचे आवर्तन ६ सेकंदांत पुरे होते. फोटो ७ सेकंदांचा आणि डिझॉल्व्ह १ सेकंदाचा ठेवला की दर ६ सेकंदांनी बदल येतो आणि पहिला बदल समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बसवला तर पुढचे सगळे बदल समेच्या आसपास पडतात. अशा ४० फोटोंना २८० वजा ३९, म्हणजे २४१ सेकंद लागतात. समारंभात चार-पाच मिनिटे प्रेक्षक एकाग्रतेने पाहतात. चारशे फोटोंतून चाळीस निवडणे हे या कामातले सर्वांत अवघड व सर्वांत मोलाचे काम आहे. एकाच प्रसंगाचे पाच फोटो असतील तर त्यांतला ज्यात डोळे बोलतात तो एक घ्यावा. घरातील कोणी माणूस सगळ्या फोटोंतून सुटला नाही ना, हेही त्याच वेळी तपासावे.

चित्राची हालचाल अर्थाला धरून असावी. १९६० च्या सुमाराचा घरातील समूह-फोटो घेऊ. मधोमध बसलेल्या आजीच्या चेहऱ्यापासून सुरुवात करून सात सेकंदांत हळूहळू मागे सरकत पूर्ण कुटुंब दाखवले की आजीभोवतीचे घर उलगडते. उलट संपूर्ण फोटोपासून एका लहान मुलापर्यंत गेल्यास तोच फोटो त्या मुलाची गोष्ट सांगतो. १०० वरून ११५ टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा पुरते. त्यासाठी फोटोची रुंदी निदान २२०८ पिक्सेल हवी, नाहीतर चित्र फुटते. एफएफएमपेगने थेट आज्ञा देऊन संथ झूम केल्यास चित्र किंचित थरथरते, कारण चौकटीची जागा पूर्ण पिक्सेलमध्ये मोजली जाते. फोटो आधी मोठा करून घेतल्यास हा दोष झाकला जातो. पाने उलटणे, चौकोन फिरणे, तारे चमकणे अशी संक्रमणे सॉफ्टवेअरमध्ये शेकड्याने असली तरी साधा डिझॉल्व्ह व थेट बदल ही दोनच बहुतेक प्रसंगांना पुरतात. एका प्रसंगाच्या आत डिझॉल्व्ह आणि प्रसंग बदलताना क्षणभर काळा पडदा, अशी रीत ठेवली की प्रेक्षकाला काळाचे टप्पे आपोआप कळतात.

मराठी शीर्षके

शीर्षके युनिकोड देवनागरीतच टंकावीत. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधील मजकूर चिकटवला की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. काही साधनांत जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. ‘वर्षा’ या शब्दातला रफार ष वर न चढता र् असा सुटा पडतो, तर ‘किरण’ मधली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते. अशा वेळी लिब्रेऑफिस इम्प्रेस या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकाची स्लाइड करून ती १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र म्हणून जतन करावी आणि फोटोप्रमाणे टाइमलाइनवर ठेवावी. ही युक्ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे फाँट मुक्त परवान्याखाली मिळतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फाँटमध्ये ल आणि श यांची वळणे मराठी धाटणीची आहेत. शीर्षक दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ पडद्यावर ठेवावे. नाव, नाते, गाव आणि वर्ष एवढी माहिती बहुतेक फोटोंना पुरेशी असते.

आवाज

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निवेदन ध्वनिमुद्रित करून नको असलेला भाग काढता येतो. त्यातील ‘ऑटो डक’ ही सोय निवेदनाच्या वेळी संगीत आपोआप हळू करते. घरातील ज्येष्ठांकडून फोटो पाहता पाहता आठवणी बोलून घेतल्या आणि त्याच निवेदन म्हणून वापरल्या तर व्हिडिओला असे मोल येते जे कोणत्याही तयार गाण्याने येत नाही. संगीताचा शेवट तोडू नये, दोन-तीन सेकंदांत विरवावा.

हक्क आणि संमती

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि संगीतरचना यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो. त्यामुळे मुद्रण जुने असले तरी गाणे मुक्त झालेले असेलच असे नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काढून घेणारा असतो. सार्वजनिक ठिकाणी चढवायच्या व्हिडिओसाठी यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातील किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यातील संगीत त्या परवान्याच्या अटी पाळून वापरावे. लहान मुलांचे, आजारपणातले किंवा अंत्यविधीचे फोटो कुटुंबाला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

एक्सपोर्ट व जतन

एमपी४ फाइल, एच.२६४ चित्रसंकेत आणि एएसी ध्वनी हा मेळ जवळपास सर्व उपकरणांवर चालतो. प्रतिसेकंद ८ मेगाबिट दराने ४ मिनिटांची फाइल सुमारे २४० मेगाबाइटची होते. व्हॉट्सॲपवर ती व्हिडिओ म्हणून पाठवल्यास पुन्हा दाबली जाते व शीर्षके अस्पष्ट होतात, म्हणून तीही डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. सभागृहात दाखवण्याआधी तिथल्याच प्रोजेक्टरवर आवाजासकट एकदा चालवून पाहावी.

प्रकल्प-फाइलमध्ये फोटो नसतात, ते कुठे ठेवले आहेत त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलवले की सॉफ्टवेअरला फोटो सापडत नाहीत. त्यामुळे फोटो, ध्वनी, फाँट, प्रकल्प-फाइल व तयार व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची निदान एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्याच फोल्डरमध्ये प्रत्येक फोटोचा क्रमांक आणि त्यातील माणसांची डावीकडून उजवीकडे नावे लिहिलेली साधी मजकूर-फाइल अवश्य असावी. व्हिडिओ नव्याने कधीही जुळवता येतो. ओळखणारी पिढी गेल्यावर फोटोतली नावे परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.