उवा पुन्हा पुन्हा का होतात?

शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या, औषध लावले, आठ-दहा दिवस बरे गेले आणि ती पुन्हा डोके खाजवू लागली. ‘औषधाचा काही उपयोग झाला नाही,’ असे पालक सांगतात. अनेकदा औषध बरोबर असते, पण ते दुसऱ्यांदा लावायचे राहून गेलेले असते. ते दोनदा का लावायचे, हे उवेची जगण्याची रीत पाहिली की कळते.

ऊ केसांत कशी टिकते?

ऊ दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. पण तिच्या सहाही पायांना आकड्यासारखी नखी असते आणि त्या नखीत माणसाचा केस घट्ट बसतो. पाण्याखाली ती श्वासाची छिद्रे मिटून काही तास तग धरते, म्हणून नुसत्या न्हाण्याने उवा जात नाहीत. डोक्यावरून खाली पडली की मात्र रक्ताअभावी ती एक-दोन दिवसांत मरते. ती पसरते मुख्यतः डोक्याला डोके लागून. त्यामुळे उवा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण नाही. मुलीला रागावू नका.

लीख कशी वाचते?

मादी सुमारे महिनाभर जगते आणि रोज सहा ते आठ अंडी घालू शकते. प्रत्येक लीख ती टाळूच्या उबेजवळ, केसाला चिकट द्रवाने पक्की डकवते. पर्मेथ्रिन हे औषध चालत्या उवांना मारते, पण कवचातली लीख त्यातून वाचू शकते. ती साधारण सात ते नऊ दिवसांत फुटते. बाहेर आलेले पिल्लू आणखी नऊ ते बारा दिवसांनी अंडी घालण्याजोगे होते. मधल्या या दिवसांतच आपल्याला डाव साधायचा असतो.

काय करावे?

- घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. ज्यांना उवा आहेत, त्या सर्वांना एकदमच औषध लावा.
- केस तेल व कंडिशनर न लावता धुऊन टिपून घ्या. एक टक्क्याचे पर्मेथ्रिन लोशन लावून दहा मिनिटांनी धुवा.
- नवव्या दिवशी तेच औषध पुन्हा लावा. खाज थांबली असली तरी हे चुकवू नका.
- दोन-तीन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी बारीक दातांच्या फणीने विंचरा.
- टाळूपासून दूर सरकलेल्या लिखा बहुधा रिकाम्या असतात. तेवढ्यावरून औषध लावू नका.

रॉकेल किंवा ढेकूण-झुरळांचे औषध डोक्याला कधीही लावू नका. त्याने भाजते, विषबाधा होते, जीवही जाऊ शकतो. केस भादरण्याचीही गरज नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

टाळूवर पू किंवा खपल्या दिसल्या, मानेत गाठी आल्या, किंवा दुसऱ्यांदा औषध लावूनही चालत्या उवा दिसल्या, तर डॉक्टरांना दाखवा. काही उवा या औषधाला दाद देत नाहीत, तेव्हा वेगळे औषध लागते. दोन महिन्यांखालील बाळासाठी आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध वापरू नका.

आज पहिल्यांदा औषध लावणार असाल, तर नवव्या दिवसाची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.