परीक्षकाची परीक्षा

१८५२ साली खानदेशात जमिनीची महसुली मोजणी सुरू झाली, तेव्हा सावदा येथे दहा ते पंधरा हजार लोक तिच्या विरोधात जमले. लष्कराची तुकडी येऊन तिने पुढाऱ्यांना पकडले, तेव्हाच जमाव पांगला. ‘इंपीरियल गॅझेटियर’मधील सावद्याच्या नोंदीत ही हकीकत दोन-तीन ओळींत आटोपली आहे आणि त्या ओळी राज्यकर्त्यांच्या लेखणीतून उतरल्या आहेत. समजा, उद्या एखाद्या अभ्यासकाने या घटनेवर प्रबंध लिहिला आणि तो पारितोषिकासाठी परीक्षकांपुढे आला, तर त्याची गुणवत्ता व सचोटी कशावरून ठरवावी?

मराठीत हा प्रश्न जुना आहे. पेशवाईत श्रावणमासात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे, आणि शास्त्रीमंडळी त्यांची विद्या पारखून रक्कम ठरवीत. कंपनी सरकारने ही प्रथा आक्रसलेल्या रूपात चालू ठेवली. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, अशी मागणी केली. तिच्यातूनच १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ अस्तित्वात आली. बदल मोठा होता. पूर्वी माणसाची परीक्षा होई, आता ग्रंथाची होऊ लागली. परीक्षा घेणारे मात्र बव्हंशी त्याच विद्वद्वर्गातले राहिले.

याचा अर्थ काय, हे चारच वर्षांत दिसले. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे पाठवले; ते नाकारले गेले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुले यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नाटक छापून येण्यास १९७९ साल उजाडले. ‘तृतीय रत्न’ हा संशोधनग्रंथ नव्हे, हे खरे. तरीही निवाड्याच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे. पुरोहिताकडून नाडल्या जाणाऱ्या शेतकरी जोडप्याची ही कथा होती, आणि जिच्यावर तिचा रोख होता तिचेच प्रतिनिधी निवाडा करीत होते. ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याने परीक्षक होऊ नये, हा आज सर्वमान्य असलेला दंडक त्या वेळी कोणाला सुचला नाही.

कृतीची पारख कशी करावी, याचे उत्तर मात्र खानदेशाशी जोडलेल्या एका नावात सापडते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रस्तावना आग्रही आहेत, काही अनुमाने पुढे टिकली नाहीत. पण मूळ पत्रे त्यांनी स्वतंत्रपणे छापली होती, म्हणून राजवाड्यांचे मत राजवाड्यांनीच पुरवलेल्या कागदांवरून खोडता येते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. आपल्याला खोडून काढण्याचे साधन वाचकाच्या हाती देणे, हीच संशोधकाची सचोटी होय.

अलीकडची पारितोषिके याच दिशेने जाताना दिसतात. बर्लिनच्या आइन्स्टाइन फाउंडेशनने संशोधनाचा दर्जा उंचावणाऱ्या कार्यासाठी २०२१ पासून पुरस्कार सुरू केला. त्यात व्यक्ती, संस्था आणि तरुण संशोधक यांचा स्वतंत्रपणे विचार होतो. पहिल्या वर्षी शोधनिबंध सर्वांना खुले करणारे ‘अर्काइव्ह’ उभारणारे पॉल गिन्सपार्ग आणि ‘सेंटर फॉर ओपन सायन्स’ ही संस्था यांचा गौरव झाला. त्यांच्या कामामुळे इतरांचे संशोधन तपासणे सोपे झाले, हेच येथे मोलाचे मानले गेले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे दोषाच्या चढत्या पायऱ्या, अशी मोजणी आहे. ती आवश्यकच आहे. पण तिने उसनी वाक्ये सापडतात, रचलेला पुरावा सापडत नाही. एकही ओळ न उचलता पूर्णतः अप्रामाणिक प्रबंध लिहिता येतो.

आता सावद्याच्या त्या प्रबंधाकडे वळू. परीक्षकाने प्रथम पाहावे ते हे, की सरकारी नोंदीतला ‘असंतुष्टांचा जमाव’ लेखकाने तसाच उचलला आहे, की तो शब्द कोणाचा हे सांगितले आहे. जमावाच्या बाजूचा कागद मिळाला नसेल तर ती पोकळी कबूल केली आहे, की कल्पनेने बुजवली आहे? गावात ऐकलेली आठवण आणि दप्तरातला कागद यांचे वजन वेगवेगळे ठेवले आहे का? वापरलेले कागद दुसऱ्याला पाहता येतील का? आणि हे सर्व तपासून झाल्यावर परीक्षकांनी आपल्या निर्णयाची कारणे लिहून प्रसिद्ध करावीत. ‘तृतीय रत्न’ नाकारणाऱ्यांवर ते बंधन असते, तर फुले यांना त्यांच्याशी निदान वाद तरी घालता आला असता.