व्यवसायनीतिसंहिता : डॉक्टर व वकील

व्यवसायनीतिसंहिता : विशेष ज्ञानावर चालणाऱ्या आणि नोंदणीशिवाय करता न येणाऱ्या व्यवसायातील वर्तनाचे लेखी नियम. रुग्णाला औषध पारखता येत नाही, अशिलाला युक्तिवाद जोखता येत नाही. दोघांनाही विश्वास टाकावा लागतो. त्या विश्वासाचा गैरफायदा घेतला जाऊ नये, हा या संहितांचा हेतू.

पूर्वपीठिका : चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्याचे आचरण सांगतो. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, हा त्यातला एक दंडक. ग्रीक परंपरेत हिपॉक्रॅटिसच्या नावाने चालणारी शपथही गुप्ततेला असेच महत्त्व देते. आजच्या भारतात डॉक्टरांना 2002 चे व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार व नीतिविषयक विनियम लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवे विनियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित होऊन जुनेच पुन्हा लागू झाले. वकिलांची संहिता 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांत आहे.

काम स्वीकारणे : तातडीचा प्रसंग सोडल्यास कोणाला तपासायचे हे ठरवण्यास डॉक्टर मोकळा असतो. अत्यवस्थ रुग्णाला मात्र पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार मिळालेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (1989) बजावले. वकिलाचा नियम उलटा आहे. तो ज्या न्यायालयात वकिली करतो तिथले काम, योग्य फी मिळत असल्यास, त्याने स्वीकारावे. नकाराला विशेष कारण लागते. म्हणूनच ‘या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निरर्थक ठरवले. हाती घेतलेले काम पुरेशी सूचना न देता सोडणे दोघांनाही वर्ज्य आहे.

पाटी व प्रसिद्धी : दोन्ही संहिता गिऱ्हाईक ओढण्याच्या विरोधात आहेत आणि दोन्हींची नजर दारावरच्या पाटीपर्यंत पोहोचते. डॉक्टरची पाटी अवास्तव मोठी नसावी. तिच्यावर नाव, पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक एवढेच असावे. औषधाच्या दुकानावर तर ती लावूच नये. वकिलाची पाटीही माफक आकाराची हवी, पण त्याला आपण अमुक प्रकारच्या खटल्यांतले तज्ज्ञ असल्याचे किंवा पूर्वी न्यायाधीश असल्याचे तिच्यावर लिहिता येत नाही. मुंबईत एस्प्लनेडच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात उभे राहून पक्षकारांवर झडप घालणे, कागद हिसकावणे, प्रसंगी आपसांत हातघाईवर येणे, असे आरोप काही वकिलांवर होते. हे प्रकरण महाराष्ट्र बार कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. वकिली हा धंदा नव्हे, अशी भूमिका न्यायालयाने 1975 मध्ये मांडली.

मोबदला : रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, म्हणजे बोलीभाषेतले ‘कट’, देणे-घेणे डॉक्टरांना निषिद्ध आहे. औषध कंपन्यांच्या भेटवस्तूंवरील बंधने 2009 मध्ये विनियमांत आली. वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवणेही गैरवर्तन ठरते (सर्वोच्च न्यायालय, 2000). रुग्णालाही आपल्या कागदांचा हक्क आहे : रुग्णालयात दाखल झालेल्याच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यास 72 तासांत द्याव्या लागतात.

गुप्तता : येथे दोन्ही व्यवसायांतले अंतर सर्वाधिक आहे. अशील वकिलाला जे सांगतो त्याला साक्षीच्या कायद्याचेच संरक्षण आहे (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, कलम 132). बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी झालेले बोलणे त्यातून वगळले आहे. डॉक्टरवर गुप्ततेचे बंधन आहे, पण साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला असे कवच नाही. न्यायाधीशाने आदेश दिल्यास, संसर्गजन्य रोगाची सूचना देणे कायद्याने भाग असल्यास किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असल्यास त्याला बोलता येते.

शिस्तभंग व दाद : दोन्हीकडे तक्रारीचा निवाडा प्रथम व्यवसायबंधूच करतात. डॉक्टरविरुद्धची तक्रार राज्य वैद्यक परिषदेकडे जाते; दोष सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव काही काळ किंवा कायमचे काढले जाते. वकिलाला राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, त्याची सनद निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव पटावरून काढू शकते. वकिलाविरुद्धच्या निर्णयावर तक्रारदारालाही 60 दिवसांत अपील करता येते. राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमातील (2019) अपिलाची तरतूद मात्र डॉक्टरांपुरती आहे. परिषदेबाहेर चित्र पालटते. 1995 च्या निकालाने, विनामूल्य सेवा वगळता, वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. 2024 च्या निकालाने वकिली त्याबाहेर राहिली. परिषदेत हरलेल्या रुग्णाला ग्राहक आयोगाचे दार उघडे असते. निष्काळजी वकिलाकडून भरपाई हवी असलेल्या अशिलाला दिवाणी न्यायालयातच जावे लागते आणि तिथे त्याला दुसरा वकील शोधावा लागतो.