पेशी एकमेकींना धरतात कशा? एका प्रथिनाचा इतिहास

मागच्या वेळी आपण एकपेशीय जीवांपाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने मला गाठलं आणि विचारलं, ‘‘सर, पेशी एकमेकींना धरून राहतात म्हणून प्राण्याचं शरीर टिकतं. मग ही धरून ठेवणारी प्रथिनं आधी आली, की प्राणी आधी आले?’’ प्रश्न जीवशास्त्राचा दिसतो, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातली एक जुनी गाठ आहे. ती सोडवायला आज थोडा इतिहास बघू या.

सुरुवात १९०७ सालापासून करू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर एच. व्ही. विल्सन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ स्पंजांवर काम करत होते. पीठ चाळायला वापरतात तसल्या बारीक रेशमी कापडातून त्यांनी एक जिवंत स्पंज दाबून काढला. आपल्या भाषेत सांगायचं तर वस्त्रगाळ केला! खाली पाण्यात पडल्या सुट्या पेशी. आता हा जीव संपला, असं कोणालाही वाटेल. पण त्या पेशी सरपटत एकमेकींजवळ आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि काही दिवसांनी त्यांतून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले. स्पंजातला हा चिकटपणा मुख्यतः साखरेने लगडलेल्या मोठ्या रेणूंचा असतो, हे पुढे कळलं. पण ‘पेशींना धरून ठेवणारं नेमकं काय असतं?’ हा प्रश्न या प्रयोगाने ठळकपणे पुढे आणला.

इतर प्राण्यांच्या बाबतीत उत्तर मिळालं ते एका अडचणीतून. मासातोशी ताकेइची हे क्योतोचे शास्त्रज्ञ १९७०च्या दशकात बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. क्योतोमध्ये ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी पुन्हा चिकटत, इथे चिकटेनात. शोधाशोध केल्यावर लक्षात आलं, की इथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए हे रसायन होतं. म्हणजे पेशींवर असं एक प्रथिन होतं, की ज्याला कॅल्शियमचं कवच असेल तर ते वाचतं, नाही तर ट्रिप्सिन त्याचे तुकडे करतं. १९८४मध्ये त्याला नाव मिळालं, कॅडहेरिन.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोअॅनोफ्लॅजेलेट हे पाण्यात राहणारे सूक्ष्म एकपेशीय जीव. त्यांना एक शेपटीसारखी कशाभिका असते आणि तिच्याभोवती कॉलर. स्पंजातल्या काही पेशी हुबेहूब अशाच दिसतात, हे हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६०च्या दशकातच टिपलं होतं. आज हे जीव प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातेवाईक मानले जातात. २००८मध्ये त्यांपैकी एकाचा, मोनोसिगा ब्रेव्हिकॉलिसचा, जीनोम वाचून झाला. निकोल किंग आणि मोनिका अबेदिन यांनी त्यात कॅडहेरिनची जनुकं मोजली. किती असावीत? २३! एकट्याने राहणाऱ्या पेशीला ही कशाला हवीत? त्यांतली काही प्रथिनं त्या कॉलरवर सापडली, जिथे जीवाणू अडकतात आणि गिळले जातात. म्हणजे भक्ष्य धरून ठेवणं हे त्यांचं काम असावं, असा तर्क आहे.

मंडळी, मी वर्गात कितीतरी वर्षं ‘हृदय कशासाठी? रक्त ढकलण्यासाठी’ हे उदाहरण देत आलो. त्यातून मुलांच्या मनात ‘जे ज्याच्या उपयोगी पडतं, ते त्यासाठीच जन्मलं’ असा समज रुजला असेल, तर दोष माझा. उगम आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच कारणाने आलेली गोष्ट नव्या कामाला लागते, तेव्हा त्यासाठी स्टीफन गूल्ड आणि एलिझाबेथ व्हर्बा यांनी १९८२मध्ये एक शब्द सुचवला, ‘एक्झॅप्टेशन’. आपल्या आज्यांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण गोधडी ठाऊक होती. गोधडी जुन्या लुगड्यांची होते. पण म्हणून कोणी विणकर गोधडीसाठी लुगडं विणत नाही.

मग प्राण्यांनी नवीन काय केलं? टाका घातला. प्राण्यांमधल्या अभिजात कॅडहेरिनला पेशीच्या आतल्या बाजूने एक शेपूट असतं. ते बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला धरतं आणि त्यातून पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडलं जातं. कोअॅनोफ्लॅजेलेटच्या कॅडहेरिनमध्ये असं शेपूट सापडलेलं नाही. तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं: कापड आधी आलं, शिवण नंतर.

आणि ही शिवण उसवली तर? न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या माणसं जठराच्या कर्करोगाने जात होती. त्या कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन संशोधकांना साथ दिली आणि १९९८मध्ये कारण सापडलं, ते म्हणजे ई-कॅडहेरिनच्या जनुकातला बिघड. त्यानंतर त्या घरातल्या माणसांना आधीच तपासणी करून घेता येऊ लागली; काहींनी जठर काढून टाकण्याचा कठीण निर्णयही घेतला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा हा इतिहास असा माणसाच्या घरापर्यंत येतो.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.